पटक्सेंटच्या काठी

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे ठरावीक प्रश्न विचारतात. नायगारा पाहिलात का? व्हाइट हाउसच्या फाटकापर्यंत जाऊ देतात का? तिकडे कोथिंबिरीची जुडी केवढ्याला? या सर्वांची उत्तरे माझ्यापाशी तयार आहेत. पण ‘सर्वांत आवडले काय?’ असे कोणी विचारले, की मी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या दोन शहरांच्या मध्ये पसरलेल्या एका रानाचे नाव घेतो, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. ‘रान बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, गुरुजी? आपल्या महाडच्या अवतीभोवती काय रान थोडं आहे?’

प्रश्न रास्त आहे. त्या रानात डोळे दिपावेत असे काही नाही. ओक आहेत, मेपल आहेत, एक तळे आहे, मधून एक संथ नदी वाहते. वाघ नाही, हत्ती नाही, धबधबा तर नाहीच नाही. फरक एवढाच, की जवळजवळ नव्वद वर्षे काही माणसे त्या रानाकडे टक लावून बघत बसली आहेत, आणि तसे बघत बसण्याबद्दल सरकार त्यांना पगार देत आले आहे. त्यांनी काय पाहिले, याचीच ही हकिगत.

रानाचे नाव पटक्सेंट. नदीचेही तेच. आमची मुलगी आणि जावई मेरीलँड संस्थानात सिल्व्हर स्प्रिंग नावाच्या गावी राहतात. २०२५ च्या जून महिन्यात सौ. आणि मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. तिथला जून म्हणजे आपल्याकडचे मृगाच्या तोंडावरचे दिवस. अंगाला घामाची चिकचिक, आणि संध्याकाळी अंगणातल्या गवतावर काजवे. काजवे पाहून सौ.चा अमेरिकेवरचा निम्मा राग तिथेच गेला. उरलेला निम्मा चहाबद्दलचा होता, तो शेवटपर्यंत टिकला.

मी शाळेत तीस वर्षे शास्त्र शिकवले, हे जावयांच्या लक्षात होते. एका शनिवारी सकाळी ते म्हणाले, ‘‘बाबा, आज तुम्हाला तुमच्या विषयातल्या ठिकाणी नेतो.’’ मुलीने पोळीभाजीचा डबा घेतला आणि आमची मोटार पावडर मिल रोडला लागली. नावाचा अर्थ बंदुकीच्या दारूच्या गिरणीचा रस्ता. नाव उग्र असले तरी रस्ता मोठा शांत आहे. दोन्ही बाजूंना लांबच लांब शेते. ही शेते कुणा शेतकऱ्याची नव्हेत. बेल्ट्सव्हिल येथील सरकारी कृषिसंशोधन केंद्राची आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास याच केंद्रातल्या गुडह्यू आणि सलिव्हन या दोघा संशोधकांनी एक डबा तयार केला. वरची कळ दाबली की आतले कीटकनाशक धुक्यासारखे हवेत पसरते. पॅसिफिकमधल्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना त्या डब्याने डासांपासून वाचवले. आज आपण झुरळांवर मारतो तो फवाऱ्याचा डबा त्याचाच वंशज.

याच रस्त्याने आणखी थोडे पुढे गेले, की पटक्सेंटचे रान लागते. म्हणजे बघा, एकाच सरकारचे एक खाते या टोकाला किडे मारण्याची युक्ती काढत होते, आणि त्या टोकाला दुसरे खाते त्या युक्तीने किड्यांखेरीज आणखी कोण मरते ते मोजत होते. आपल्याकडे अशा वेळी दोन्ही खात्यांत फायलींचे युद्ध जुंपले असते. तिकडेही थोडेफार जुंपलेच. पण मोजणी थांबली नाही, हे महत्त्वाचे.

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३६ साली हुकूम काढून हे रान राखून ठेवले. त्या देशात पशुपक्ष्यांसाठी राखलेली राने शेकड्यांनी आहेत. पण मुळातच वन्यजीवांच्या संशोधनासाठी म्हणून राखलेले राष्ट्रीय रान हे एकच. आज त्याचा विस्तार १२,८०० एकरांच्या वर आहे. मधल्या काळात कारभार एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेला. आता जमीन फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे आहे आणि संशोधन अमेरिकन भूशास्त्रीय सर्वेक्षणाकडे. दारावरच्या पाट्या बदलल्या, आत चालणारे काम फारसे बदलले नाही.

प्रेक्षकांसाठी एक प्रशस्त इमारत बांधली आहे. तिथे जाणाऱ्या वळणरस्त्याला एका तांबड्या पक्ष्याचे नाव दिले आहे : स्कार्लेट टॅनेजर लूप. पुढाऱ्यांची नावे संपल्यावर पक्ष्यांची पाळी आली की आधीच आली, ते मला कळले नाही. पण पाटी वाचून बरे वाटले. आत जायला तिकीट नाही. संशोधकांचा मधला भाग मात्र लोकांना बंद असतो, आणि ते योग्यच आहे. मोजणाऱ्याच्या भोवती जत्रा भरली तर मोजणी चुकायचीच.

आतल्या टेबलाशी एक वृद्ध बाई स्वयंसेवक म्हणून बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण. मी निवृत्त शास्त्रशिक्षक असल्याचे जावयांनी सांगताच त्या उठल्याच. ‘‘मीही शिक्षिकाच होते,’’ म्हणाल्या, आणि आम्हाला घेऊन तळ्याच्या वाटेला लागल्या. त्यांचे इंग्रजी संथ आणि स्पष्ट होते. त्यामुळे सौ.लाही बहुतेक सगळे कळत होते, आणि जे कळत नव्हते ते ती माझ्याआधी अंदाजाने ओळखत होती.

वाटेत एक कासव आडवे आले. बेताचे, वाटीएवढे, काळसर पाठीवर पिवळ्या-नारिंगी रेघोट्या. आमची चाहूल लागताच त्याने डोके-पाय आत घेतले आणि खालची झाकणे वर ओढून पेटी बंद करावी तशी स्वतःला बंद करून घेतली. म्हणूनच त्याला तिकडे पेटी-कासव म्हणतात. बाई खाली वाकल्या आणि त्यांनी पाठीची कड निरखून पाहिली. ‘‘खाच नाही,’’ त्या म्हणाल्या.

या खाचांची कथा ऐकण्याजोगी आहे. लुसिल स्टिकेल नावाची एक तरुण जीवशास्त्रज्ञ युद्धाच्या काळात इथे आली. नदीकाठच्या जंगलात तिने १९४४ च्या सुमारास कासवे पकडायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या पाठीच्या कडेला ठरावीक जागी खाच पाडायची, वहीत नोंद करायची आणि सोडून द्यायचे. पुन्हा सापडले की पुन्हा नोंद. पुढे दर काही वर्षांनी त्याच जंगलात त्याच पद्धतीने कासवांची शिरगणती होत राहिली. कासवे मोजून कुणाचे पोट भरते, असे त्या वेळी कुणीतरी म्हटले असेलच. पण ज्या बाईला कासवाच्या चालीने काम करण्याचा कंटाळा आला नाही, तीच पुढे विषांच्या अभ्यासातली मोठी अधिकारी व्यक्ती झाली. मेलेल्या पक्ष्याच्या शरीरात डी.डी.टी. सापडले तरी तो डी.डी.टी.नेच मेला असे कशावरून म्हणायचे? शरीरातल्या चरबीत ते कितीही साठलेले असू शकते. स्टिकेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली दाखवून दिले, की मेंदूतले प्रमाण पाहावे. तिथला आकडा खरे बोलतो. १९७२ साली त्या या संशोधनकेंद्राच्या संचालक झाल्या आणि दहा वर्षे त्यांनी ते चालवले.

डी.डी.टी. म्हटल्यावर सौ.ने मान वर केली. आमच्या पिढीला ही अक्षरे नवीन नाहीत. मलेरियाचे सरकारी फवारणीवाले पाठीवर पंप घेऊन गावात यायचे, भिंतींवर पांढरट थर मारायचे आणि दाराशेजारी तारीख लिहून जायचे. पुढे आमच्याच जिल्ह्यात रसायनीच्या सरकारी कारखान्यात डी.डी.टी. तयार होत असे. त्या पांढऱ्या भुकटीला आम्ही विष म्हणत नव्हतो, औषध म्हणत होतो. आणि तसे म्हणण्यात काही गैर नव्हते. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत असत, असा अंदाज आहे. १९५३ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि १९६५ पर्यंत रोग्यांचा आकडा लाखाच्या आसपास उतरला. पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधला. त्याला १९४८ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते उगीच नव्हे. हे मी बाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘अगदी बरोबर. म्हणूनच तर इथे काय दिसलं ते लोकांच्या गळी उतरवायला इतकी वर्षं लागली.’’

पटक्सेंटमध्ये डी.डी.टी.ची पहिली परीक्षा १९४५ साली झाली. नदीकाठच्या जंगलाच्या एका तुकड्यावर विमानातून एकरी दोन पौंड या प्रमाणात फवारा मारला. आधी पक्षी मोजले होते, नंतर पुन्हा मोजले. मोजणाऱ्यांत चँडलर रॉबिन्स नावाचा एक तरुण होता. पहिल्या उन्हाळ्यात पक्ष्यांच्या संख्येत लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही. एखाद्या कंपनीने ही परीक्षा घेतली असती तर दुसऱ्या दिवशी जाहिरात छापली असती : ‘सरकारी जंगलात सिद्ध!’ पण या मंडळींनी दुसऱ्या वर्षी पुन्हा फवारले आणि पुन्हा मोजले. असे पाच वर्षे. तेव्हा कुठे उत्तर बदलले. झाडांच्या शेंड्यांवर किडे टिपणाऱ्या काही पक्ष्यांच्या जाती स्पष्टपणे घटल्या होत्या. त्याचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. पहिल्याच वर्षी वही मिटली असती, तर ‘काही होत नाही’ हेच शास्त्राचे अखेरचे मत ठरले असते.

या रॉबिन्स यांच्याबद्दल आणखी एक सांगितल्याखेरीज राहवत नाही. १९५६ साली मिडवे बेटावर त्यांनी एका आल्बट्रॉस मादीच्या पायात नंबराचे कडे घातले. अमेरिकेतील पक्ष्यांच्या अशा कड्यांचे दप्तर पटक्सेंटलाच आहे. रॉबिन्स २०१७ साली वारले. ती मादी मात्र २०२४ च्या नोव्हेंबरात मिडवेला परत आली आणि तिने अंडे घातले. वय निदान चौऱ्याहत्तर! कडे नसते तर कुणाला कळले असते?

त्या १९४५ सालच्या परीक्षेची बातमी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या कचेरीत काम करणाऱ्या एका लेखिकेच्या कानावर होती. तिने एका मोठ्या खपाच्या मासिकाला त्यावर लेख देऊ केला. संपादकांनी नकार दिला. तिचे नाव रेचेल कार्सन. पुढे १९६२ साली तिचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले आणि देशभर गदारोळ उठला. कीटकनाशकांचे कारखानदार तिच्यावर तुटून पडले. त्या पुस्तकात पटक्सेंटच्या प्रयोगांचे दाखले आहेत. जेम्स डेविट यांनी इथे पिंजऱ्यातल्या लाव्यांना आणि फेझंटना खाद्यातून डी.डी.टी. दिले. पक्षी वरकरणी धडधाकट दिसत, पण त्यांच्या प्रजेवर परिणाम होई. कार्सन यांचे घर सिल्व्हर स्प्रिंगलाच आहे. १९६४ साली त्या तिथेच वारल्या. बाहेरून पाहिले तर साधे, बैठे, विटांचे घर. आमच्या मुलीच्या घरापासून मोटारीने थोड्या मिनिटांवर.

मुख्य कोडे मात्र तेव्हा सुटायचेच होते. गरुड, ससाणे, मासेमार घारी झपाट्याने कमी होत होत्या. १९६३ साली अलास्का आणि हवाई वगळता साऱ्या अमेरिकेत पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची, म्हणजे त्यांच्या बोधचिन्हावरच्याच पक्ष्याची, फक्त ४१७ जोडपी घरटी करताना आढळली. पक्षी मरून पडलेले दिसत नव्हते. घरटी होती, अंडीही होती, पण पिल्ले नव्हती. पहिला धागा इंग्लंडमध्ये सापडला. तिथल्या सरकारी निसर्गसंस्थेतील डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या हौशी संग्राहकांनी जमवलेली बहिरी ससाण्याची अंडी बाहेर काढली, त्यांची टरफले तोलली, आणि १९६७ साली सांगितले, की १९४७ च्या सुमारापासून ही टरफले एकाएकी पातळ झाली आहेत. बहिरीने अंड्यावर बसावे आणि तिच्याच वजनाने ते फुटावे, असा प्रकार.

पण सुमार जुळला म्हणजे कारण सिद्ध झाले नाही. त्याच सुमाराला इतरही शंभर गोष्टी जगात सुरू झाल्या होत्या. इथे पटक्सेंटचे पिंजरे कामी आले. पाळलेल्या छोट्या ससाण्यांचे दोन गट केले. एकाला स्वच्छ खाद्य, दुसऱ्याला डी.डी.टी. आणि डील्ड्रिन मिसळलेले. दुसऱ्या गटाची टरफले पातळ निघाली. मॅलार्ड जातीच्या बदकांवरही तसाच प्रयोग झाला. दोन्ही शोधनिबंध १९६९ साली प्रसिद्ध झाले. शरीरात गेल्यावर डी.डी.टी.चे डी.डी.ई. होते, आणि टरफलापर्यंत चुना पोहोचवण्याच्या कामात ते अडथळा आणते. ‘‘पण पिंजऱ्यातल्या त्या पाखरांचं काय?’’ सौ.ने विचारले. बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. ‘‘त्यांना कुणी विचारलं नव्हतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बाहेरच्या लाखोंनाही कुणी विचारलं नव्हतं.’’

विष फवारले पानांवर, मग गरुडाच्या पोटात कसे? माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सावकाराच्या व्याजाने समजावीत असे. पाण्यातल्या सूक्ष्म जीवात विषाचा कण असतो; असे हजारो जीव लहान मासा खातो, असे शेकडो लहान मासे मोठा मासा खातो, आणि ते मोठे मासे घार खाते. डी.डी.टी. चरबीत मुरते, सहजासहजी बाहेर पडत नाही. पायरीपायरीने ते चक्रवाढीने चढते, आणि सगळे देणे शेवटच्या माणसाच्या, म्हणजे इथे पक्ष्याच्या, नावावर निघते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही नदीच्या मुखाशी, सॉलोमन्सला गेलो. तिथे पटक्सेंट चेसापीक उपसागराला मिळते. पाण्यात रोवलेल्या जवळजवळ प्रत्येक खांबावर काटक्यांचे एकेक भलेथोरले घरटे आणि त्यात ऑस्प्रेचे कुटुंब. हा पक्षी हिवाळ्यात आपल्या उजनी-जायकवाडीच्या पाण्यावरही दिसतो; मासेमारीत त्याचा हात धरणारा दुसरा नाही. या पक्ष्यावर १९६८ आणि १९६९ साली झालेला एक प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. उत्तरेकडच्या कनेक्टिकटमध्ये ऑस्प्रेची अंडी उबत नव्हती. मेरीलँडमध्ये पोटोमॅकच्या काठी बऱ्यापैकी उबत होती. दोष पालकांच्या उबवण्यात, तिथल्या हवेत की अंड्यातच? पटक्सेंटच्या आणि कनेक्टिकटच्या अभ्यासकांनी सरळ अंड्यांची अदलाबदल केली. मेरीलँडची अंडी कनेक्टिकटच्या घरट्यात नीट उबली. कनेक्टिकटची अंडी मेरीलँडच्या मायेच्या पंखांखालीही उबली नाहीत. आई निर्दोष ठरली. दोष अंड्यात होता, आणि त्या अंड्यांत विषाचा अंशही जास्त होता. ना मोठे यंत्र, ना मोठा खर्च. कापूस लावलेली पेटी आणि कोकिळेकडून घेतलेली विद्या.

१९७२ साली अमेरिकेने शेतीसाठी डी.डी.टी. बंद केले. आपल्याकडे शेतीतल्या वापरावर १९८९ साली बंदी आली. हिवतापासाठीचा वापर चालू राहिला, आणि मधल्या काळात डासांनीच त्याला दाद देणे सोडले. १९७६ साली आपल्या रोग्यांचा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला होता. अमेरिकेतल्या गरुडांची गोष्ट अशी, की ४१७ जोडप्यांची २००७ पर्यंत ९,७८९ झाली, आणि २०१९ मधला अंदाज ७१,४०० जोडप्यांचा आहे. कॅश लेक नावाच्या त्या तळ्यापलीकडे एका वाळक्या झाडावर आम्हालाही एक गरुड दिसला. बाईंनी दुर्बीण सौ.च्या हाती दिली. गरुड बराच वेळ नुसता बसून होता. ‘‘मोठ्या पदावरच्या माणसासारखा बसलाय,’’ सौ. म्हणाली.

आणि मग तिची नजर आणखी वर गेली. ‘‘अहो, गिधाडं!’’ ती जवळजवळ ओरडलीच. खरोखरच सहा-सात गिधाडे पंख किंचित वर उचलून वाऱ्यावर डुलत घिरट्या घालत होती. लाल बोडक्या डोक्याची टर्की गिधाडे. तिकडे ती आपल्या घारींसारखी सर्रास दिसतात. गरुड सोडून गिधाडांना पाहून हरखलेल्या पाहुण्या बाईंना त्यांनी बहुधा प्रथमच पाहिले असावे. आम्हाला खुलासा करावा लागला.

आमच्या लहानपणी मेलेले गुरू गावाबाहेर टाकले, की दुपारपर्यंत नुसता सापळा उरत असे. आकाशात ठिपके दिसत, मग ते मोठे होत. शंभर-शंभर पाहिलेली आठवतात. मग ती येईनाशी झाली. मुंबईत मलबार टेकडीवरच्या पारशांच्या दोखम्यांवरूनही ती गेली. कुणी म्हणे साथ आली, कुणी म्हणे माणसांचा लोभ नडला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या अभयारण्यातली गिधाडांची घरटी १९८० च्या दशकात मोजून ठेवली होती. पुढे १९९० च्या दशकात पुन्हा मोजल्यावर घट आकड्यांत दिसली, आणि १९९९ साली ती जगापुढे आली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के नाहीशी झाली. हजारात एक उरले. कारण २००४ साली सापडले. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले, की आजारी गुरांना दुखणे कमी व्हावे म्हणून टोचतात ते डायक्लोफिनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते, त्यांचे मूत्रपिंड बंद पडते, आणि काही दिवसांत ती मान टाकतात. दयेपोटी दिलेल्या औषधाने हा घात केला. आपल्या सरकारने २००६ साली गुरांसाठी ते बंद केले. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, हे दाखवण्यात बरेलीच्या आपल्या सरकारी पशुवैद्यक संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता.

हे ऐकल्यावर बाईंनी जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. आपल्याकडची बातमी पोहोचल्यावर पटक्सेंटच्या संशोधकांनी हेच औषध टर्की गिधाडांना देऊन पाहिले होते. बार्नेट रॅटनर आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २००८ सालचा. आपले गिधाड ज्या मात्रेने मरते, तिच्या शंभरपटींहून अधिक मात्रा दिली, आणि डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या या लाल डोक्याच्या पठ्ठ्यांना काहीही झाले नाही! मी थक्क झालो. दोघेही गिधाडेच, दोघांचा धंदा एकच. एकाला कणभर विष पुरते, दुसऱ्याला घोटभरही पचते. म्हणजे उद्या कुणी टर्की गिधाडावर औषध तपासून ‘गिधाडांना सुरक्षित’ असा शिक्का मारला असता, तर तो शिक्का खरा असूनही आपली गिधाडे मेली असती. प्रत्येक ठिकाणचे उत्तर त्या त्या ठिकाणीच मोजून काढावे लागते. ते उसने आणता येत नाही.

भरतपूरच्या त्या जुन्या मोजणीचीही एक गंमत आहे. १९८० ते १९९० या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे जो दीर्घ अभ्यास केला, त्याला पैसा अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा होता. म्हणजे ज्या खात्याच्या हाताखाली तेव्हा पटक्सेंट होते त्याच खात्याचा. गिधाडे उदंड असताना ती मोजण्यात कुणाला अर्थ दिसला नसेल. पण ती नोंद होती, म्हणून नंतरची घट पटवून देता आली.

परत इमारतीकडे येताना मी बाईंना विचारले, की हे सगळे पुढेही असेच चालेल ना? त्यांनी टोपी काढून हातात घेतली. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव मांडला होता. त्यात भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या जीवसृष्टिविषयक विभागाचा पैसाच काढून टाकावा, असे सुचवले होते. पटक्सेंटचे संशोधन आणि पक्ष्यांच्या कड्यांचे दप्तर दोन्ही याच विभागात. पैसा द्यायचा की नाही हे शेवटी तिथली काँग्रेस ठरवते. पण त्या जूनमध्ये तिथल्या माणसांच्या मनावर याचे सावट होते. बाईंनी कुणाला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, ‘‘मोजणी एक वर्ष बंद पडली, तर ते एक वर्ष पुन्हा विकत मिळत नाही.’’

हे वाक्य मी मुक्कामभर मनात घोळवीत होतो. पूल पडला तर पुन्हा बांधता येतो, शाळेचे छप्पर उडाले तर पत्रे घालता येतात. न केलेली नोंद मात्र मागे जाऊन करता येत नाही. आणि ही नोंद कुणा व्यापाऱ्याने करावी अशी अपेक्षाच चूक आहे. औषध विकणारा ते विकणार, फवारा विकणारा तोही विकणार; त्यात त्याचे वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण विकलेल्या मालाचे पुढे रानात काय होते, हे पाच-पाच, वीस-वीस वर्षे बघत बसायला ज्याला काही विकायचे नाही असा माणूस लागतो. असा माणूस पोसणे हे सरकारचे काम. त्याच्या हातून वर्षानुवर्षे ‘काही विशेष नाही’ एवढेच लिहिले जाईल. तो पगार वाया गेला असे वाटेल. पटक्सेंटच्या १९४५ सालच्या वहीतही तेच लिहिले होते.

आमच्या रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगाव आहे. तिथल्या रानातल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची थोडी घरटी उरली आहेत, आणि गावकरी-पक्षिमित्र त्यांच्यावर लक्ष ठेवून असतात. गुरांच्या औषधांचा प्रश्नही संपलेला नाही; एक बंद झाले की त्याचे भावंड दुकानात येते. कीटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या दोन औषधांवर गुरांसाठी बंदी यायला २०२३ साल उजाडले. तेव्हा ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे, की टोचताय ते काय आहे, आणि त्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालेल का. आणि ज्यांच्या घरी गुरे नाहीत पण शाळकरी मुले आहेत, त्यांनी त्यांना एक वही आणून द्यावी. घरासमोरच्या झाडावर कोणते पक्षी, किती आणि कोणत्या तारखेला दिसले, एवढेच त्यात लिहायचे. पहिली काही वर्षे त्या वहीचा काहीही उपयोग होणार नाही. म्हणून ती टाकून मात्र देऊ नये.